सरकत्या शिडीचा दोर बदलणे

सरकत्या शिडीचा दोर बदलणे : एकमेकांवर सरकणाऱ्या दोन किंवा तीन भागांच्या शिडीत वरचा भाग चढवणारा दोर झिजला, तुटला किंवा उन्हाने कमकुवत झाला की त्याजागी नवा दोर ओवण्याचे काम. बाजारात ‘एक्स्टेन्शन शिडी’ म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या दोन भागी शिडीवर हे काम घरच्या घरी, तासाभरात होते. दोर, चिकटपट्टी, पक्कड, काडेपेटी आणि मदतीला दुसरा माणूस, एवढे पुरते. काम सोपे असल्यामुळेच ते शिडी उभी असताना उरकण्याचा मोह होतो, आणि या कामातले बहुतेक धोके तिथूनच सुरू होतात.

शिडीचा खालचा भाग जमिनीवर टेकतो. वरचा भाग त्याला धरून, बाजूच्या पट्ट्यांतून वर-खाली सरकतो. खालच्या भागाच्या अगदी वरच्या पायरीवर एक लहान कप्पी असते. दोराचे एक टोक वरच्या भागाच्या तळच्या पायरीला बांधलेले असते. तिथून दोर वर जातो, कप्पीवरून वळतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात येतो. रचना विहिरीवरच्या रहाटाची. कप्पी जागेवर स्थिर असल्याने जोर वाचत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. २४ फुटी ॲल्युमिनियम शिडीचा वरचा भाग दहा किलोच्या आसपास भरतो. तेवढे वजन आणि वर घर्षण, असे दोन्ही हातांवर येते.

वरचा भाग हव्या उंचीला पोहोचला की त्याच्या दोन्ही बाजूंचे खटके खालच्या भागाच्या पायरीवर बसतात. चढणाऱ्या माणसाचा भार हे खटके पेलतात, दोर नव्हे. शिडी वापरणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसते. अमेरिकेच्या ‘ॲन्सी’ ए१४.२ या धातूच्या शिड्यांच्या मानकात दोराची किमान जाडी ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ८ मि.मी., आणि तुटण्याची किमान ताकद ५६० पौंड, म्हणजे जेमतेम अडीचशे किलो, एवढीच मागितलेली आहे. वर-खाली करताना शिडीचा एक भाग तोलायला ती भरपूर आहे. माणसाच्या जिवाची हमी द्यायला अजिबात नाही. खटका मोडला म्हणून वरचा भाग दोराने पायरीला करकचून बांधून त्यावर चढणे, हा शिडीचा सर्वांत घातक वापर होय.

मग दोर तुटल्याने बिघडते काय? खटके नीट बसले असतील तर फारसे काही नाही. धोका असतो तो भाग वर चढत असताना किंवा खाली उतरत असताना. त्या वेळी खटके मोकळे असतात आणि सगळे वजन दोरावर लोंबते. नेमका तेव्हा दोर सुटला तर वरचा भाग आपल्या वजनाने खाली घसरतो. त्याच्या पायऱ्या खालच्या भागाच्या पायऱ्यांना घासून जातात आणि मध्ये बोटे असतील तर ती चिरडतात. म्हणून शिडी लांब करताना हात पायऱ्यांवर नव्हे, बाजूच्या उभ्या दांड्यांवर ठेवतात. दोर बदलतानाही हाच नियम लागू.

दोर खराब झाल्याच्या खुणा हाताला आधी कळतात. मुठीतून सरकवला की बोटांना भुकटी लागते, रंग उडालेला असतो, तंतू केसांसारखे उभे राहतात, दोर काठीसारखा ताठ होतो. पीळ उलगडून आत पाहावे. वरून ठीक दिसणारा दोर आतून पिठासारखा झालेला असू शकतो. कप्पीवर रोज वळणारा एक हातभर तुकडा इतरांपेक्षा आधी चपटा आणि चकचकीत होतो. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर ठेवलेल्या शिड्यांच्या दोरांचा खरा शत्रू ओझे नसून ऊन आहे. वर्षभर उन्हात पडलेली शिडी पावसाळ्यापूर्वी कौले चाळायला किंवा गच्चीतली गळती बुजवायला बाहेर निघते, तेव्हा तिच्या दोराकडे कुणी पाहत नाही.

दुकानात ‘नायलॉनची दोरी’ म्हणून किलोवर मिळणारा माल पुष्कळदा नायलॉन नसतो. तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन असतो. ओळखायला सोपी चाचणी आहे. तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९१, म्हणून तो तरंगतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. कारखान्यातून आलेल्या बहुतेक शिड्यांवर पॉलिप्रॉपिलीनच असतो, कारण तो स्वस्त आहे, हलका आहे आणि पाणी पीत नाही. पण अतिनील किरणांपुढे तो टिकत नाही. संरक्षक रसायन न मिसळलेला दोर उघड्यावर लवकर ठिसूळ होतो. नायलॉन जास्त बळकट, मात्र तो ताणला जातो आणि ओला झाला की आणखी लवतो. वर धरलेला भाग थोडा खाली-वर डोलतो, ते हाताला त्रासाचे होते. पॉलिएस्टर कमी ताणतो, उन्हातही बरा टिकतो. पैसे थोडे जास्त मोजायची तयारी असेल तर विणलेला पॉलिएस्टर दोर सर्वांत चांगला. सुंभ, ताग, सुतळी यांपैकी काहीही या कामाला घेऊ नये. भिजले की हे दोर फुगतात, कप्पीत अडकतात आणि आतून कुजतात. महाराष्ट्रात कृत्रिम धाग्यांचे चांगले दोर मिळणे अवघड नाही; पुणे आणि वाई येथे कारखाने असलेली गरवारे कंपनी १९७६ पासून मासेमारीची जाळी आणि दोर बनवते.

नव्या दोराची ताकद हा मोठा प्रश्न नसतोच. १० मि.मी.चा नवा पॉलिप्रॉपिलीन दोर एक टनापेक्षा जास्त ताणानंतर तुटतो. गाठीमुळे त्या ताकदीचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही जातो. तरी पुष्कळ उरते. प्रश्न असतो जाडीचा. कप्पीच्या चाकाला जेवढी खाच तेवढाच दोर हवा. जाड दोर खाचेत बसत नाही, कडांवर घासतो. बारीक दोर त्याहून वाईट : तो चाकावरून निसटून चाक आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत पाचरीसारखा घुसतो, आणि वरचा भाग मध्येच अडकून पडतो, वरही जात नाही, खालीही येत नाही. शिवाय कपडे वाळत घालायची ५-६ मि.मी.ची दोरी तळव्यात रुतते आणि हातातून सुटते. बहुतेक घरगुती शिड्यांना ८ ते १० मि.मी.चा दोर लागतो. जुना दोर ताणून बारीक झालेला असतो, म्हणून दुकानात नमुना नेताना कप्पीच्या खाचेचेही माप न्यावे.

लांबीचा हिशेब सरळ आहे. वरचा भाग पूर्ण खाली असताना दोर तळापासून कप्पीपर्यंत जातो आणि तितकाच परत येतो. म्हणजे खालच्या भागाच्या दुप्पट, आणि गाठींसाठी मीटरभर जास्त. १२-१२ फुटांचे दोन भाग असलेल्या शिडीला २४ फूट अधिक तीन फूट, असा २७ फुटांचा दोर घ्यावा. काही शिड्यांत दोराची दोन्ही टोके वरच्या भागाच्या तळच्या पायरीला बांधून अखंड फेरा केलेला असतो. तिथेही एवढीच लांबी पुरते.

काम सुरू करण्यापूर्वी शिडी पूर्ण मिटवून जमिनीवर किंवा दोन घोड्यांवर आडवी ठेवतात. उभ्या शिडीवर, अर्ध्यावर थांबलेल्या शिडीवर किंवा भिंतीला टेकवलेल्या शिडीवर दोर कधीही सोडू नये. आडवी ठेवल्यावर दोन्ही भागांच्या तळच्या पायऱ्या एका जादा दोरीने एकमेकींना बांधाव्यात. मूळ दोर सुटला की दोन भागांना धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही. शिडी उचलताना जरा तिरकी झाली तरी एक भाग निसटून पायावर येतो. यानंतर जुन्या दोराचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवावा : कोणत्या पायरीच्या मागून गेला, कप्पीवर कोणत्या बाजूने चढला, गाठ कुठे होती. या एका फोटोने अर्ध्या तासाचा गोंधळ वाचतो.

जुना दोर कप्पीत असेपर्यंत ओढून काढू नये, तोच नव्याला वाट दाखवतो. वरच्या भागाकडची गाठ सोडून जुन्या दोराचे ते टोक आणि नव्या दोराचे टोक समोरासमोर भिडवतात. एकावर एक ठेवत नाहीत, कारण दुप्पट जाडी कप्पीतून जात नाही. त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून दुसऱ्या बाजूने हळू ओढले की नवा दोर आपल्या जागी येतो. जुना दोर आधीच तुटून गळून पडला असेल, तर लवचीक तारेचे टोक वाकवून ती कप्पीवरून ओवावी आणि तिला दोर बांधावा. तारही जात नसेल तरच दोन भाग वेगळे करावेत. त्यासाठी टोकाचे अडथळे सोडवावे लागतात, आणि ते पुन्हा बसवायला विसरणे म्हणजे वरचा भाग खालच्या भागातून सरळ बाहेर निघण्याची सोय करून ठेवणे.

कप्पी मोकळी दिसते ती हीच वेळ. चाक बोटाने फिरवून पाहावे. अडखळत असेल, कडेला धार आली असेल किंवा चाक आसावर डुगडुगत असेल तर कप्पीही बदलावी. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, ॲल्युमिनियमला लागून असलेले लोखंडी बोल्ट लवकर गंजतात आणि भोवतीचे ॲल्युमिनियमही पांढरे पडून खाल्ले जाते. तिथे हे आवर्जून तपासावे. ग्रीस लावू नये, त्यात धूळ बसते आणि दोर निसरडा होतो.

कृत्रिम दोराची कापलेली टोके उसवू नयेत म्हणून जाळून बंद करतात. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या सुमारास वितळतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. टोक बोटांनी दाबू नये. पकडीने दाबावे आणि थंड होऊ द्यावे.

वरच्या भागाच्या तळच्या पायरीला, बरोबर मध्यावर, दोर बांधतात. एका बाजूला बांधला तर तो भाग तिरका ओढला जातो आणि अडकतो. गाठ बोलाइनची असावी. स्काउटमध्ये शिकवतात तीच. ती ताणाखाली सरकत नाही आणि नंतर सोडवताही येते. काही जण खुंटागाठ मारतात. गुळगुळीत धातूवर, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनच्या दोराने, ती हळूहळू फिरत सैल होते. मारायचीच असेल तर पुढे दोन अर्धगाठी घालाव्यात. गाठीनंतर किमान वीतभर टोक शिल्लक ठेवावे. दुसरे टोक मोकळे सोडायचे असेल तर त्याला इंग्रजी आठाच्या आकाराची जाड गाठ मारतात, म्हणजे ते कप्पीतून पळून जात नाही. शिडी वापरताना उरलेला दोर चढणाऱ्याच्या पायात येणार नाही असा पायरीला गुंडाळून बांधावा.

तुटलेला दोर मध्येच गाठ मारून जोडणे हा सार्वत्रिक जुगाड आहे आणि तो वाईट आहे. गाठ कप्पीपाशी येऊन अडकते, माणूस जोराने हिसका देतो, आणि ती सुटते तेव्हा वरचा भाग निम्म्या उंचीवर असतो. लोखंडी तारेचा दोर घालणे हा दुसरा प्रकार. फायबरग्लासची शिडी वीजतंत्री घेतात ती वीज वाहत नाही म्हणून. तिच्यावर वरपासून खालपर्यंत तार सोडली की तो गुणच गेला.

तीन भागी शिडीत मामला वेगळा असतो. मधला भाग हाताच्या दोराने चढतो. सर्वांत वरचा भाग दुसऱ्या, ठराविक लांबीच्या दोराने किंवा तारेने आपोआप चढतो. त्याचे एक टोक खालच्या भागाला पक्के केलेले असते, तो मधल्या भागाच्या माथ्यावरच्या कप्पीवरून वळतो आणि वरच्या भागाच्या तळाला मिळतो. त्यामुळे मधला भाग एक फूट चढला की वरचा जमिनीपासून दोन फूट चढतो. या दुसऱ्या दोराची लांबी चुकली की दोन्ही भागांच्या पायऱ्या एका रेषेत येत नाहीत. हा दोर बदलताना निर्मात्याचाच सुटा भाग घ्यावा, किंवा काम जाणकाराकडे द्यावे.

नवा दोर बसल्यावर पहिली चाचणी आडव्या शिडीवरच होते. वरचा भाग हातभर सरकवून दोर कप्पीच्या खाचेत राहतो का, हे पाहायचे. मग शिडी भिंतीशी उभी करून एकाने तळ पायाने दाबून धरायचा आणि दुसऱ्याने दोर ओढत भाग एकेक पायरी वर न्यायचा. प्रत्येक पायरीला दोन्ही खटके बसल्याचा आवाज आला पाहिजे. एकच बसत असेल, स्प्रिंग ढिली असेल किंवा खटका वाकलेला असेल, तर शिडी बाजूला ठेवावी. नव्या दोराने ती सुधारत नाही. या सगळ्या वेळात शिडीवर कुणीही चढायचे नाही. खटके बसल्याची खात्री झाल्यावरच नेहमीचे नियम येतात : चार फूट उंचीला तळ भिंतीपासून एक फूट दूर, आणि अमेरिकी नियमांनुसार ३२ फुटांपर्यंतच्या शिडीत दोन भाग किमान तीन फूट एकमेकांवर आलेले.

अग्निशमन दलांत हा दोर तुटण्याची वाट पाहिली जात नाही. अमेरिकेच्या ‘एनएफपीए’ या संस्थेच्या मानकानुसार दलाच्या शिड्यांची पाहणी दर महिन्याला आणि प्रत्येक वापरानंतर करायची असते. भारतात दलांसाठीच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या शिड्यांना आयएस ४५७१ आणि शिड्यांच्या सुरक्षित वापराला आयएस ३६९६ (भाग २) ही भारतीय मानके आहेत. गृहनिर्माण संस्था, मंडप-सजावटवाले, रंगारी यांच्या शिड्यांना असा शिस्तीचा धनी नसतो. संस्थेची शिडी सगळ्यांची असते, म्हणून तिची जबाबदारी कुणाचीच नसते. पावसाळ्यापूर्वी गच्ची आणि पन्हाळी तपासायची यादी बनते, तिच्यात शिडीच्या दोराची एक ओळ घालावी आणि दोर बदलल्याची तारीख शिडीच्या दांड्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहावी.

काढलेला जुना दोर अखंड ठेवू नये. हात-हातभर तुकडे करून टाकून द्यावा, नाहीतर तो कुणाच्या तरी झोक्याला लागतो.