पावसातले खत

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की चार दिवसांत मेरेवरचे गवत हिरवेगार होते. विहिरीचे पाणी कितीही शिंपा, ती टवटवी काही येत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. पावसाच्या पाण्यात थोडे नत्र असते, म्हणजे थोडे खतच. पण हे थोडे म्हणजे नेमके किती, यावरून एकेकाळी युरोपात मोठा वाद पेटला होता.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० च्या दशकात असे मांडले, की पिकाला लागणारा अमोनिया हवेतून आणि पावसातून मिळतो. शेतकऱ्याने फक्त खनिजे पुरवावीत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे शेतीचे प्रयोग करणाऱ्या जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांना हे पटेना. गंमत अशी, की गिल्बर्ट स्वतः लीबिगच्याच हाताखाली शिकलेले! या दोघांनी १८५३ मध्ये एकराच्या हजाराव्या भागाएवढे पर्जन्यमापक बांधले आणि साठलेल्या पाण्यातले नत्र मोजले. ते हेक्टरी जेमतेम काही किलो भरले. तेवढ्यावर गव्हाचे भागणे शक्यच नव्हते. लीबिग हरले.

पुढे फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. जगाला धान्य मिळाले. पण शेतात टाकलेले सगळेच खत पिकाच्या पोटात जात नाही. काही पाण्यातून वाहून जाते, काही अमोनिया होऊन उडते. त्यात मोटारी आणि वीजकेंद्रांच्या धुरातले नत्राचे ऑक्साइड मिसळले. जे वर गेले, ते पावसाबरोबर किंवा कोरड्या हवेतून पुन्हा खाली येऊ लागले.

खाली आले तर बिघडले कुठे? याचेही उत्तर रॉथमस्टेडमध्येच आहे. तिथल्या एका कुरणावर १८५६ पासून प्रयोग चालू आहे. खत न घातलेल्या तुकड्यांत पस्तीस-चाळीस जातींची झाडे-गवते नांदतात. वर्षानुवर्षे अमोनियाचे खत घातलेल्या काही तुकड्यांत दोन-तीनच उरल्या. नत्र मिळाले की दांडगे गवत माजते आणि गरीब बिचारी फुले त्याच्या सावलीत मरतात.

१९६७ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी दाखवून दिले, की त्यांच्या देशावर पडणाऱ्या आम्लपावसाचे मूळ दूरच्या देशांच्या धुरात आहे. आता नुसते पर्जन्यमापक पुरेना. कोणाचा धूर कोणाच्या अंगणात पडतो, हे सांगायला गणित हवे होते. १९७९ च्या जिनिव्हा कराराच्या सुमारास युरोपचे दीडशे किलोमीटरचे चौकोन पाडले गेले. प्रत्येक चौकोनातून किती धूर निघतो, वारा तो कुठे नेतो, वाटेत त्याचे काय होते, पाऊस किती खाली आणतो, हे संगणक जुळवू लागला. हेच गणित पुढच्या काळासाठी मांडता येते : धूर इतका कमी झाला, हवा इतकी तापली, तर २१०० साली कुठे किती नत्र पडेल?

त्याची उत्तरे विचारात पाडणारी आहेत. मोटारींचा धूर कायद्याने आटोक्यात येतो. अमोनिया तसा येत नाही. तो शेणामुतातून, युरियातून उडतो आणि ऊन वाढले की जास्तच उडतो. २०१३ मधल्या एका अंदाजाप्रमाणे तापमान पाच अंशांनी वाढले, तर तेवढ्यानेच जगातला अमोनिया सुमारे ४२ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे शेतकऱ्याने एक मूठही खत जास्त टाकले नाही, तरी!

अंदाजावर किती विसंबावे, याचा धडा नेदरलँड्सला मिळाला. पुढे नत्र कमी होणार असे गणित सांगते, म्हणून २०१५ पासून त्या भावी बचतीतला वाटा नव्या गोठ्यांना आणि रस्त्यांना आधीच वाटला जाऊ लागला. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हे रद्द ठरवले. न झालेली बचत आज खर्च करता येत नाही! हजारो कामे अडली, ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. दोष गणिताचा नव्हता. त्याला हातातला पैसा समजणाऱ्यांचा होता.

हे सारे दूरचे वाटेल. पण पावसाळ्यात आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर जाऊन पाहा. तिथे दवबिंदू आहे, सीतेची आसवे आहेत. मातीत नत्र नाही म्हणून ही झाडे किडे खाऊन जगतात. त्यांचे दारिद्र्य हेच त्यांचे संरक्षण. स्वीडनच्या दलदलीतला दवबिंदू जिथे जास्त नत्र पडते तिथे किड्यांवर कमी अवलंबून राहतो, असे २०१२ मध्ये दिसून आले. किडे खाण्याची गरज संपली, की दांडग्या गवताला जागा देण्याची वेळ फार दूर नसते.

तरी एक दिलासा आहे. युरोपात १९८० च्या दशकानंतर नत्राचा पाऊस ओसरला, तेव्हा रॉथमस्टेडच्या कुरणात हरवलेल्या जाती हळूहळू परतल्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे कळले, कारण दीडशे वर्षे कोणीतरी न चुकता मोजत राहिले. आपल्या सड्यावर पडणारा पाऊसही कोणीतरी मोजायला हवा. भविष्याचे गणित मांडायचे, तर आजचा आकडा हाताशी लागतो.