लहान तेलविहिरीच्या उत्पादनाचा अंदाज : एक ऐतिहासिक आलोचन

ऑगस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीस ६९.५ फुटांवर तेल लागले. अशा विहिरीच्या मालकापुढे तेव्हापासून एक प्रश्न सतत उभा आहे : विहीर किती तेल देईल, आणि किती वर्षे देईल? अनेक विहिरी असणाऱ्यास एकीची तूट दुसरीच्या नफ्यातून भरून काढता येते. एकाच लहान विहिरीच्या मालकास ती सोय नसते.

पहिल्या दिवसांच्या उत्पादनावरून हे उत्तर मिळत नाही. आरंभी विहिरीलगतच्या खडकातील दाब सर्वाधिक असतो. तेल निघू लागताच तो उतरतो आणि पुढील तेल अधिकाधिक दुरून यावे लागते. म्हणजे आरंभीच्या मापावरून विहिरीचा जोर कळतो, साठा कळत नाही.

या प्रश्नाच्या पद्धतशीर अभ्यासास करआकारणीने मोठी चालना दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेत १९१३ मध्ये प्राप्तिकर लागू झाला. तेल काढणे म्हणजे भांडवलच खर्ची घालणे होय. तेव्हा त्या झिजेची वजावट ठरविण्यासाठी भूगर्भात उरलेल्या तेलाचा हिशेब हवा होता. १९१८ च्या महसूल कायद्यानंतर, १९१९ मध्ये तेथील अर्थखात्याने तेलउद्योगासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली.

याच सुमारास, १९१८ मध्ये, जे. ओ. लुइस व कार्ल बील यांनी 'समान अपेक्षेचा नियम' मांडला. सारख्या परिस्थितीतील दोन विहिरींनी एखाद्या वर्षी सारखे तेल दिले, तर त्यांची वये भिन्न असली तरी त्यांचे पुढील उत्पादन सरासरीने सारखेच राहील, असा त्याचा आशय होता. नव्या विहिरीच्या मालकास शेजारच्या जुन्या विहिरींचा अनुभव आधारास घेता येऊ लागला, हे या नियमाचे खरे महत्त्व होय.

१९४५ मध्ये जे. जे. आर्प्स यांनी ऱ्हासवक्रांचे तीन प्रकार गणिती रूपात एकत्र मांडले : घातांकीय, अपास्तीय व हरात्मक. त्यांतील निवड किती निर्णायक ठरते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक विहीर आरंभी रोज २० पिंपे तेल देते (तेलाचे एक पिंप म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन) आणि वर्षअखेरीस १६ पिंपांवर येते. रोज २ पिंपांखाली ती चालविणे परवडत नाही, असे समजू. घातांकीय वक्राप्रमाणे ही मर्यादा सुमारे १०.३ वर्षांत येते व एकूण सुमारे २९,४०० पिंपे मिळतात. हरात्मक वक्राप्रमाणे तीच मर्यादा ३६ वर्षांनी येते व एकूण उत्पादन सुमारे ६७,२०० पिंपांवर जाते. पहिल्या वर्षअखेरचे माप दोहोंत एकच आहे. तिसऱ्या वर्षअखेरीसही फरक रोज १.२ पिंपांचाच पडतो. एवढ्या अल्प फरकावर कर्ज घेणे, पंप बसविणे किंवा विहीर विकणे यांचे निर्णय अवलंबून असतात.

आर्प्स यांची सूत्रे मुख्यतः अनुभवजन्य होती. १९८० मध्ये एम. जे. फेटकोविच यांनी त्यांची प्रवाहाच्या सिद्धान्ताशी सांगड घातली. परंतु परिस्थिती पूर्ववत राहील, हे गृहीत तसेच राहिले. पंप बदलला वा काही दिवस बंद पडला, तर वक्र विहिरीऐवजी पंपाचा इतिहास सांगू लागतो. शिवाय लहान विहिरींचे तेल पुष्कळदा एकाच टाकीत जमा होते. तेथे माप टाकीचे होते, विहिरीचे होत नाही.

पुढे कायद्यानेही या अनिश्चिततेतून सोपी वाट काढली. १९२६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने झिजेची वजावट ढोबळ उत्पन्नाच्या २७.५ टक्के अशी ठरवून टाकली. करापुरता अंदाजाचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. मालकापुरता तो सुटला नाही. त्याला आजही सूत्राआधी प्रत्येक विहिरीची वेगळी आणि अखंड नोंदवही लागते.