शब्दवेध : ब्रिकोलाज

फ्रान्समध्ये घरातली किरकोळ दुरुस्ती, ठोकाठोकी हाताशी असेल त्यातून स्वतःच करणाऱ्याला 'ब्रिकोलर' आणि त्या कामाला 'ब्रिकोलाज' म्हणतात. शब्दाचं मूळ मात्र युद्धातलं. 'ब्रिकोल' म्हणजे मध्ययुगातलं दगड फेकणारं यंत्र. हा शब्द इटालियनमधून आला. पुढे त्याचं क्रियापद चेंडूच्या खेळात, शिकारीत, घोडेस्वारीत रुळलं. आपटून उलटणारा चेंडू, माग सोडून भरकटलेला कुत्रा, अडथळा चुकवायला सरळ रेघ सोडणारा घोडा. सगळीकडे अर्थ आडवळणाचाच.

१९६२ साली मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 'ला पाँसे सोव्हाज' या ग्रंथात 'ब्रिकोलाज' हा शब्द उचलला. मिथकं अशीच घडतात, असं त्यांचं म्हणणं. जुन्या कथांचे उरलेसुरले तुकडे हाताशी असतात, त्यांचीच नवी जुळणी होते. या ब्रिकोलरसमोर त्यांनी अभियंता उभा केला, आधी आराखडा आखून मग साहित्य मिळवणारा.

चारच वर्षांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या भाषणात तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी नेमकं या जोडीवर बोट ठेवलं. आपली भाषा शून्यातून कुणीच घडवत नाही. वापरलेले शब्दच पुन्हा वापरावे लागतात. मग निखळ अभियंता हे ब्रिकोलरनंच रचलेलं मिथक ठरतं! अमेरिकेला संरचनावादाची, म्हणजे लेव्ही-स्त्रोस यांच्याच विचारपद्धतीची, ओळख करून द्यायला भरलेल्या परिषदेतच हा सुरुंग लागला. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

हे भाषण देरिदांच्या १९६७ च्या लेखसंग्रहात आहे. लेव्ही-स्त्रोस यांच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण वाचून मगच ते वाचावं.