जुन्या गाडीचा गोतावळा

जुनी मोटारगाडी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस उभ्या राहतात. चकचकीत पितळी दिवे, फेटेवाला ड्रायव्हर आणि हिवाळ्यातल्या रविवारी दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरून निघणारी रॅली. त्या गाड्या सुंदर आहेत यात शंका नाही. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते साध्या गाडीबद्दल. हप्त्यावर किंवा उसनवारीवर घेतलेल्या, चाळीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या, लग्नात फुलांनी सजणाऱ्या आणि भल्या पहाटे धक्का मारून सुरू होणाऱ्या फियाटबद्दल. आणि तिच्यापेक्षाही जास्त, तिच्याभोवती जमलेल्या माणसांबद्दल.

मी राहतो द्रोणागिरीला. संजीवनीसाठी मारुतीनं उचलून नेलेल्या पर्वताचा एक तुकडा इथं पडला, अशी आमच्या डोंगराची आख्यायिका. डोंगराच्या एका अंगाला करंजा, पलीकडे उरण. मधल्या खाजणावर आणि भातशेतीवर सिडकोनं वसाहत आखली. जवळच न्हावा-शेवाचं बंदर आहे, १९८९ मध्ये सुरू झालेलं. त्यामुळे आमच्या रस्त्यांवर माणसांपेक्षा कंटेनरचे ट्रेलर जास्त. इथं राहायला आलेलं प्रत्येक कुटुंब दुसरीकडून आलेलं. कुणी दादरहून, कुणी साताऱ्याहून, कुणी थेट बिहारमधून. जिन्यात भेट झाली तरी 'कुठल्या मजल्यावर?' यापलीकडे बोलणं जात नसे.

माझ्याकडे वडिलांची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इमारतीखाली ती उभी केली आणि आठ दिवसांत मला सहा माणसं ओळखू लागली. गाडीपाशी थांबून प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "आमच्याकडे पण होती." हे 'आमच्याकडे पण होती' कुठून आलं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

हिंदुस्थानात मोटारी बनवाव्यात, नुसत्या विकत घेऊ नयेत, हा विचार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात जोरानं मांडला. त्यासाठी ते युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आले. मुंबईत कारखाना काढण्याची योजना त्यांनी तयार केली. ती उचलून धरली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी देशात व्हाव्यात हा त्यांचा ध्यास. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं मोटारीच्या कारखान्याला हात दिला नाही. तरी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन झाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या आधी अमेरिकन होत्या, डॉज आणि प्लिमथ. पुढं इटलीच्या फियाटशी करार झाला.

इथं एक सरकारी निर्णय ध्यानात घ्यायला हवा. जनरल मोटर्सनं शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथं फक्त जोडले जायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं ठरवलं, की ज्यांना इथं गाडी 'बनवायची' नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. राहिले मोजके देशी कारखाने. सामान्य माणसाला निवड उरली ती प्रामुख्यानं फियाट, अँबॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढीच. आणि नोंदणी केल्यावर गाडी हाती यायला वर्षांमागून वर्षं जायची.

याचा परिणाम फार खोल झाला. इंग्लंडमध्ये १९३०मध्ये 'व्हेटरन कार क्लब' आणि १९३४मध्ये 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' निघाला. तिथल्या हौशी मंडळींना नव्या गाड्यांपेक्षा जुन्या अधिक मनाजोगत्या वाटत होत्या. म्हणजे नवी गाडी मिळत असताना त्यांनी जुनी निवडली. आपल्याकडेही १९६४ पासून दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली सुरू झाली. पण सर्वसामान्य मराठी घरात जुनी गाडी सांभाळली गेली ती हौसेनं नव्हे. दुसरी मिळणार नव्हती म्हणून. आणि जी वस्तू दुसरी मिळणार नसते, तिच्यासाठी माणसाला शेजाऱ्याचं दार ठोठवावंच लागतं. आपल्याकडच्या जुन्या गाडीच्या मैत्रीचं मूळ मला इथं दिसतं.

पन्नासच्या दशकातली गोल नाकाची फियाट मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणून डोक्यावर घेतली. १९६४ मध्ये नवी '११०० डिलाइट' आली. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतलेली फियाट त्याच काळातली. किंमत १२ हजार, त्यातले ५ हजार बँकेचं कर्ज. त्यांच्या निधनानंतर ते ललितादेवींनी फेडलं. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्जानं घ्यावी लागली, ती कारकुनाच्या घरात कशी आली असेल, याची कल्पना करा. १९७२ मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इंजिन मात्र तेच, १०८९ सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. दशकानुदशकं मूळ रचना फारशी बदलली नाही.

गाडी बदलत नाही म्हणून आपण तिची चेष्टा केली. पण त्याचा एक फायदा होता. नाशिकच्या गाडीचा भाग कोल्हापूरच्या गाडीला बसायचा. काकांनी शिकलेली युक्ती पुतण्याला उपयोगी पडायची. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, की इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, हे कुठल्या पुस्तकातून नव्हे, घाटात थांबलेल्या दुसऱ्या फियाटवाल्याकडून कळायचं. बॉनेट उघडं दिसलं की मागची फियाट थांबणार, हा अलिखित नियम होता. नाव-गाव विचारण्याआधी "पॉइंट साफ केलात का?" असं विचारलं जायचं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट हे शब्द बायकामुलांनाही पाठ झाले होते.

या साऱ्याला टेकू होता तो काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मुंबईत हजारो पद्मिनी दिवसरात्र धावत होत्या, म्हणून ब्रेक शू, किंगपिन, क्लच प्लेट बनवणारे छोटे कारखाने चालत होते. ऑपेरा हाउसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचं सामान मिळत होतं. टॅक्सीवाल्याच्या पोटापाण्यावर आमच्यासारख्यांची हौस उभी होती.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि वारं फिरलं. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. कुर्ल्याच्या कारखान्याची ओळख 'प्रीमियर रोड' या नावापुरती उरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, छायाचित्रं छापून आली. ते योग्यच होतं. पण आमच्यासारख्यांना त्या दिवशी वेगळीच धास्ती होती. गिऱ्हाईक संपलं की माल संपणार, आणि माल संपला की मिस्त्री संपणार.

त्या धास्तीतून आम्ही एकमेकांना शोधलं. आज उरण, पनवेल आणि बेलापूरकडची आम्ही अकरा माणसं आहोत. मंडळाला नाव नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी द्रोणागिरीतल्या एका रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला गाड्या लावतो. एक वही आहे. कोणाकडे कुठला भाग पडून आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. डायनॅमो, मागच्या दिव्याची काच, कार्ब्युरेटरचा फ्लोट, दाराचं हँडल. लागेल त्यानं न्यायचं, वहीत लिहायचं. पैसे घ्यायचे नाहीत. दुसऱ्याला लागेल तेव्हा आपल्याकडचं काढून द्यायचं.

आमच्यातल्या एक बाई पनवेलच्या निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर मुलांनी गाडी विकायला सांगितली. त्यांनी ती ठेवली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पॉइंट सेट करायला शिकल्या. आता आमच्यातल्या निम्म्यांचे पॉइंट त्याच लावतात. दुसरा उरणचा आगरी भूमिपुत्र, आमचा दादूस. त्याच्या वडिलांची भातशेती प्रकल्पात गेली. जानेवारी १९८४च्या शेतकरी आंदोलनात ते होते. त्या वेळच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, त्या दिवसांच्या गोष्टी तो लहानपणापासून ऐकत आला. मी बाहेरून येऊन त्यांच्याच जमिनीवरच्या फ्लॅटमध्ये राहणारा. आमच्या दोघांत बोलण्यासारखं काय असणार होतं? पण त्यानं माझ्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, खाऱ्या हवेनं तळ खाल्लाय. पावसाळ्याआधी बघा." फियाटला वेगळी चेसिस नाही. पत्राच तिचा सांगाडा. तो सडला की गाडी संपली. त्यानं ओळखीचा डेंटर आणला, तीन रविवार स्वतः उभा राहिला. जुना पत्रा कापून नवा जोडला, मग लांबी, मग रंग. त्या तीन रविवारांत मला या जमिनीचा जो इतिहास कळला, तो बारा वर्षं इथं राहून कळला नव्हता.

आणि आमचे मिस्त्री. मूळचे रत्नागिरीकडचे, उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सी दुरुस्त करण्यात गेली, म्हातारपणी मुलीकडे उरणला आले. गेल्या दोन वर्षांत मधुमेहानं त्यांची नजर गेली. पण कान शाबूत आहेत. इंजिन सुरू करून त्यांच्यासमोर उभं राहायचं. ते डोकं किंचित कलतं करतात आणि सांगतात, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बघ." झाकण उघडलं की दोष तिथंच सापडतो. आयटीआयचा एक मुलगा त्यांच्याकडे येऊ लागला आहे. संगणक लावून दोष शोधायला शिकलेला तो मुलगा मिस्त्रींच्या सांगण्यावरून आता डोळे मिटून इंजिन ऐकतो. आम्ही आळीपाळीनं मिस्त्रींना दवाखान्यात नेतो. गाडीचं निमित्त होतं, आता ते निमित्तही लागत नाही.

जुन्या गाड्या धूर करतात, त्या कशाला जपायच्या, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या जुन्या टॅक्सीला मर्यादा हवीच होती. आमच्या गाड्या महिन्यातून एकदा-दोनदा निघतात. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. मूळ रूप राखलेलं हवं, नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामांपुरताच वापर. यामुळे ५० वर्षं ओलांडलेल्या गाडीला वारशाचा दर्जा मिळाला, हे चांगलं झालं. अडचण आहे ती मधल्या वयाच्या गाड्यांची. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झालं, पुढं २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढलं. माझी पद्मिनी पन्नाशीला पोचेल २०३३ मध्ये. तोवर ती सांभाळायची, तर पैशापेक्षा माणसांची गरज जास्त.

नियमांनी पत्रा वाचेल, इंजिन वाचेल. पण व्हॉल्व्हचा आवाज ओळखणारा कान कुठल्या नोंदणीत बसत नाही. वालचंदांच्या काळापासून कुर्ल्यात, ताडदेवला, गावोगावच्या गॅरेजांत जे शहाणपण जमा झालं, ते बहुतेक सगळं तोंडी आहे. ते माणसाबरोबर जातं.

म्हणून एक विनंती. तुमच्या अंगणात, वाड्याच्या मागं किंवा इमारतीच्या कोपऱ्यात एखादी फियाट ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी ती ज्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त केली त्या मिस्त्रींच्या घरी एकदा जाऊन या. जमलं तर सोबत वही न्या, ते सांगतील ते लिहून घ्या. गाडी ठेवायची की द्यायची, ते नंतर ठरवा. द्यायचीच ठरली, तर तिचे सुटे भाग आमच्यासारख्या कुणाला तरी सांगा. आमच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)