झाशीच्या रानातील साळई

झाशीचे नाव घेताच मराठी माणसास किल्ला आठवतो, राणी आठवते. झाड कोणासही आठवत नाही. बदलीने येथे आलेल्या माझ्यासारख्या कारकुनास तरी ते का आठवावे? परंतु खुर्चीवर बसून बसून गुडघे धरले आणि औषधाच्या डबीवर 'शल्लकी' हे नाव वाचले, तेव्हा चौकशीस आरंभ झाला. ही शल्लकी म्हणजे आपली साळई. बुंदेलखंडातील खडकाळ टेकड्यांवर ती उभी असते. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि उन्हाळ्यात ती निष्पर्ण होते.

हत्तीस तिचा पाला प्रिय, म्हणून अमरकोशाने तिला 'गजभक्ष्या' म्हटले. चरकसंहितेत तिच्या सालीची गणना मळाचा बिघडलेला रंग सुधारणाऱ्या द्रव्यांत आहे. सांध्यांच्या दुखण्यावर जुन्या वैद्यांची मुख्य भिस्त होती ती गुग्गुळ, रास्ना आणि निर्गुंडी यांवर. साळईचा डिंकही 'सलई गुग्गुळ' या नावाने विकला जातो. पण खरा गुग्गुळ निराळ्या झाडाचा.

नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी १७९९ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून आलेल्या कोलब्रुकने १८०७ मध्ये असे प्रतिपादिले की, प्राचीन पाश्चात्त्यांचा ऊद म्हणजे हाच डिंक होय. ते मत टिकले नाही. तो ऊद अरबस्तान आणि सोमालिया येथील साळईच्या भगिनीवृक्षांचा ठरला.

पुढे साळईचे लाकूड पेट्यांच्या आणि आगकाड्यांच्या कामी आले. नेपानगरच्या गिरणीने १९५५ च्या सुमारास वृत्तपत्राचा कागद काढण्यास आरंभ केला, त्यात बांबूबरोबर साळईही होती. सांधेदुखीवरील औषध म्हणून तिचा आजचा लौकिक झाला तो त्यानंतर. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी १९८६ मध्ये तिच्या अर्काचे सूज उतरविणारे गुण प्रसिद्ध केले. २००३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, क्ष-किरण चित्रात मात्र पालट दिसला नाही. तीस म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी लुटली, तेव्हा राजवाड्यातील संस्कृत ग्रंथसंग्रहाचा नाश झाला. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मुळे ही हानी आपणांस परिचित आहे. त्या ग्रंथांबद्दल आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु साळईची विद्या केवळ ग्रंथांत नव्हती. शिवपुरी-श्योपूरच्या रानांत सहरिया लोक आजही डिंक गोळा करतात. बुंध्याची साल कोठे आणि किती तासावी, जखम किती खोल जाऊ द्यावी, पावसाळ्यापूर्वी केव्हा थांबावे, हे हाताला ठाऊक असावे लागते. झाड पूर्ण वाढलेले असले तरी वर्षाकाठी डिंक मिळतो तो जेमतेम एक-दीड किलो. मागणी वाढली की घावही वाढतात. बियांपासून तिची रोपे सहजी होत नाहीत. त्यामुळे मेलेल्या झाडाची जागा बहुधा रिकामीच राहते.

ग्रंथ जळाले, ते कोणी जाळले हे आपण जाणतो. साळई नाहीशी झाली, तर तो दोष आपल्याच गुडघ्यांकडे येईल. म्हणून औषधाच्या डबीवर त्या झाडाचे नाव आणि वजन छापले जाते, तसेच ते कोणाच्या हाताने आणि किती जपून काढले, हेही विचारले जावे.