काळा फेझंट : रानपक्षी की खुराड्यातली कोंबडी?

फेझंट हा मोर-कोंबडीच्या कुळातला पक्षी. मूळचा आशियातला, ब्रिटनचा नव्हेच! पण तिथे दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून, वाढवून बंदुकीसाठी रानात सोडतात. त्यांत एक काळपट, हिरव्या-निळ्या झळाळीचा वाणही असतो. लांबून ओळखू येतो, म्हणून सोडलेले पक्षी कुठवर भटकले हे राखणदाराला त्याच्यावरून कळतं.

आता इतिहास बघा. १८२८ च्या कायद्याने रात्री चोरून फेझंट मारणाऱ्याला तिसऱ्या गुन्ह्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी होऊ शकत असे. आणि १८ डिसेंबर १९१३ ला हॉल बार्न इस्टेटीवर राजा पंचम जॉर्ज आणि मंडळींनी एका दिवसात ३,९०० हून जास्त फेझंट पाडले. ती मात्र 'शिकार'!

पक्षी तोच. मग गुन्हा नेमका कशाचा होता?