रीयुनियन बेटावरील हंगामी फ्लू

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस, सु. २१° दक्षिण अक्षवृत्तावर असलेल्या रीयुनियन या फ्रेंच बेटावर दरवर्षी येणारी इन्फ्लुएन्झाची साथ. तुरळक रुग्ण बाराही महिने आढळतात. मुख्य साथ बहुधा जून ते सप्टेंबर या दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात येते. मात्र या दिवसांतही किनाऱ्यावर दुपारी पारा २५° से.च्या आसपास असतो. खरी थंडी पडते ती डोंगरातल्या वस्त्यांत. त्यामुळे फ्लूचा संबंध नुसत्या गारठ्याशी जोडून इथले कोडे सुटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत (२००७) थंड, कोरड्या हवेत विषाणू हवेतून सहज पसरला; ३०° से. तापमानात हा प्रसार थांबला. पुढच्याच प्रयोगांत, एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांमध्ये मात्र तेवढ्याच उष्ण हवेत संसर्ग होत राहिला. उष्ण प्रदेशांत निकट सहवास अधिक महत्त्वाचा असावा, असे यावरून मानले जाते. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूर बेटावर वर्षाच्या मध्याला आणि वर्षअखेरीस असे दोन चढ दिसतात, तर मुंबईत फ्लू प्रामुख्याने पावसाळ्यात वाढतो. उष्ण कटिबंधासाठी म्हणून एकच वेळापत्रक सांगता येत नाही.

हवामानाबरोबरच बाहेरून येणाऱ्यांचाही साथीशी संबंध आहे. मार्च १९१९च्या अखेरीस पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना घेऊन ‘मादोना’ हे जहाज बंदरात आले आणि फ्लूची जागतिक महासाथ बेटावर उतरली. त्यात हजारो माणसे दगावली. २००९ची महासाथ विमानाने आली: जुलैमध्ये पहिला रुग्ण आणि ऑगस्टअखेर कळस. फ्रान्सशी सतत वर्दळ असल्याने युरोपातील हिवाळ्यात, म्हणजे बेटावरच्या ऐन उन्हाळ्यातही, विषाणू येत राहतो.

लसीकरणाचा काळ मुख्य साथीच्या हंगामावरून ठरतो. दक्षिण गोलार्धासाठीच्या लसीचे घटक जागतिक आरोग्य संघटना सप्टेंबरमध्ये सुचवते आणि बेटावरील मोहीम एप्रिलच्या सुमारास सुरू होते. पॅरिसप्रमाणे ऑक्टोबरमध्ये लस टोचली, तर जूनपर्यंत तिचे संरक्षण बरेच ओसरलेले असते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांच्यासाठी हा फरक जिवाशी संबंधित आहे.

निदानही सोपे नाही. २००५-०६मध्ये चिकुनगुन्याने बेटावरील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना गाठले. २०१८पासूनच्या डेंग्यूच्या साथीत रुग्ण हिवाळ्यातही सापडत राहिले. अंगदुखी आणि तापावरून फ्लू ओळखणे त्यामुळे धोक्याचे ठरते. निवडक डॉक्टरांचे निरीक्षक जाळे १९९६पासून कार्यरत असून ते रुग्णांच्या नाकातील स्रावाचे नमुने तपासणीसाठी पाठवते.